आपण कुठल्या शाळेत गेलो असतो?

न्यू जर्सीतल्या एका आईचं पत्र आलं आहे. लांब आहे, म्हणून मुख्य भाग तेवढा देते.

«माझी मुलगी सात वर्षांची, मुलगा अकराचा. फेब्रुवारीत मुलीनं शाळेच्या लायब्ररीतून रूबी ब्रिजेसची गोष्ट आणली, म्हणजे १९६० मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेत गोऱ्यांच्या शाळेत गेलेल्या छोट्या कृष्णवर्णीय मुलीची. वाचून झाल्यावर विचारलं, ‘आई, आपण तेव्हा इथे असतो तर मी कुठल्या शाळेत गेले असते? गोऱ्या मुलांच्या की ब्लॅक मुलांच्या?’ मला उत्तर देता आलं नाही. दोन दिवसांनी तिनं एका पुस्तकात गोऱ्यांसाठी वेगळा आणि ‘कलर्ड’ लोकांसाठी वेगळा अशा पाण्याच्या नळांचा फोटो पाहिला आणि म्हणाली, ‘आजीकडे मावशींचा कप असतो ना, तसंच.’ माझ्या सासरी धुणंभांडी करणाऱ्या मावशींची कपबशी मोरीजवळच्या कोनाड्यात वेगळी ठेवलेली असते. मुलीनं ती सुट्टीत पाहिली होती. सासूबाई सध्या आमच्याकडेच आल्या आहेत. त्यांनी हे ऐकलं आणि चिडल्या. ‘एवढ्याशा पोरीच्या हातात असली पुस्तकं कशाला देता? आणि आपल्याकडे आता तसलं काही राहिलेलं नाही.’ नवरा गप्प बसला. फेब्रुवारी इथे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना असतो. मुलगा म्हणतो, दर फेब्रुवारीत तेच ते शिकवतात, रोझा पार्क्स आणि मार्टिन लूथर किंग, कंटाळा आला. मी नेमकं काय करू? इतक्या लहान मुलीला हे सांगावं का? कुठली पुस्तकं द्यावीत? आणि घरात काय बोलू?»

प्रिय मैत्रिणी,

मुलीच्या पहिल्या प्रश्नाला खरंखुरं उत्तर आहे, आणि ते तिला द्यायला हवं.

१९२४ साली मिसिसिपी राज्यातल्या रोझडेल गावात मार्था लम नावाची चिनी वंशाची मुलगी गोऱ्यांच्या शाळेत गेली. वडिलांचं किराणा दुकान होतं. तू गोरी नाहीस, असं सांगून शाळेनं तिला काढून टाकलं. वडील कोर्टात गेले. खटला थेट सुप्रीम कोर्टापर्यंत पोचला आणि १९२७ मध्ये निकाल लागला की राज्याला तिला ‘कलर्ड’ मुलांच्या शाळेत पाठवण्याचा अधिकार आहे. त्याआधी १९२३ मध्ये त्याच कोर्टानं भगतसिंग थिंड या शीख माणसाला नागरिकत्व नाकारलं होतं. पहिल्या महायुद्धात तो अमेरिकेच्या सैन्यात होता. पण सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो त्यात हिंदुस्थानी बसत नाही, म्हणून नागरिकत्व नाही. तेव्हा मुलीला सांगा की दक्षिणेतल्या बहुतेक गावांत तुला गोऱ्यांच्या शाळेत घेतलं नसतं.

त्याच्याही पुढचं उत्तर असं की आपण तेव्हा इथे असण्याचीच शक्यता फार कमी होती. १९२४ च्या कायद्यानं आशियातून येणाऱ्यांना दार जवळजवळ बंद केलं होतं. १९४६ मध्ये ते उघडलं, तेही वर्षाला अवघे १०० भारतीय, एवढंच. दार खऱ्या अर्थानं उघडलं ते १९६५ च्या कायद्यानं. त्या वर्षी ऑगस्टमध्ये कृष्णवर्णीयांच्या मतदानाच्या हक्काचा कायदा झाला आणि ऑक्टोबरमध्ये स्थलांतराचा. वंश पाहून माणसाची लायकी ठरवायची नाही, ही मागणी ज्यांनी रस्त्यावर मार खाऊन, तुरुंगात जाऊन देशाच्या गळी उतरवली, त्यांच्यामुळे दुसरा कायदा शक्य झाला. तुमचा व्हिसा, तुमचं घर, मुलांची शाळा या सगळ्याच्या मुळाशी ती माणसं आहेत. आपल्या मराठी घरांत ‘आपण शिकलो, कष्ट केले, म्हणून इथवर आलो’ हे मुलांना शंभरदा सांगितलं जातं. हा भाग सहसा सांगितला जात नाही. तो सांगितला की तुमच्या मुलीसाठी रूबी परक्या घरातली राहणार नाही.

आणखी एक. हे सगळं दक्षिणेतच झालं, असं मुलांच्या पुस्तकांवरून वाटतं. तुमच्याच राज्यात, ट्रेंटनमध्ये, ग्लॅडिस हेजपेथ आणि बर्लीन विल्यम्स या दोन आयांनी आपल्या मुलांना घराजवळच्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून दावा लावला. ती शाळा कृष्णवर्णीयांसाठी बांधलेलीच नाही, असं त्यांना ऐकवण्यात आलं होतं. १९४४ मध्ये त्या जिंकल्या. वंशावरून वेगळ्या शाळा ठेवणं देशभर बेकायदा ठरवणारा सुप्रीम कोर्टाचा प्रसिद्ध निकाल १९५४ चा, म्हणजे ह्यानंतर दहा वर्षांनी. पुढे त्या शाळेला या दोघींचं नाव दिलं गेलं. ट्रेंटन तुमच्यापासून फार लांब नसावं. एका शनिवारी मुलांना घेऊन जा आणि ती पाटी दाखवा.

आता वयाचं. सात वर्षांच्या मुलीला सांगावं का? रूबी सहा वर्षांची होती. १४ नोव्हेंबर १९६० ला न्यू ऑर्लिन्समधल्या विल्यम फ्रँट्झ शाळेत ती केंद्र सरकारच्या चार मार्शलांच्या (पोलीस अधिकाऱ्यांच्या) मधून चालत गेली, तेव्हा बाहेरचा जमाव ओरडत होता. सहा वर्षांच्या मुलीनं जे सोसलं ते सात वर्षांच्या मुलीनं ऐकू नये, हे म्हणणं मला पटत नाही. आपल्याला निदान कधी सांगायचं हे ठरवता येतं. अमेरिकेतल्या कितीतरी कृष्णवर्णीय आईबापांना ती मुभा नव्हती आणि आजही नाही. सासूबाईंची काळजी मात्र जगावेगळी नाही. टेनेसीतल्या एका काउंटीत २०२१ मध्ये काही पालकांनी रूबीनं स्वतः लहान मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तकावरसुद्धा हरकत घेतली होती. मुलं अशा पुस्तकांनी बिघडत नाहीत. त्यांना वाईट वाटतं. वाईट वाटलं तर जवळ घ्या, पुस्तक मात्र काढून घेऊ नका.

सगळं एकदम ओतायचं नाही, हेही खरं. अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅममध्ये, कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये, सप्टेंबर १९६३ मध्ये बॉम्बस्फोट होऊन चार मुली गेल्या. ही गोष्ट मी सात वर्षांच्या मुलीला आपणहून सांगणार नाही, दहाच्या आसपास सांगेन. तिनं विचारलं तर खोटं बोलणार नाही. पुस्तक आधी स्वतः वाचा. वाचताना पानं गाळू नका, मुलांना गाळलेलं पान बरोबर कळतं.

रूबीवरची दोन-तीन पुस्तकं तुम्हाला सहज मिळतील. रॉबर्ट कोल्स या बालमानसोपचारतज्ज्ञानं लिहिलेलं १९९५ चं चित्रपुस्तक बहुतेक शाळांत असतं, कदाचित तेच तुमच्या घरी आलं असेल. त्यात रूबी जमावासाठी प्रार्थना करते. पुस्तक चांगलं आहे, पण लहान वाचक त्यातून एवढंच उचलतात की आपण गोड वागलं आणि माफ केलं की वाईट माणसं सुधारतात. म्हणून वाचताना तीन गोष्टींची भर घाला. रूबीच्या वडिलांची पेट्रोल पंपावरची नोकरी गेली. मिसिसिपीत दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या तिच्या आजीआजोबांना ती जमीन सोडावी लागली. आणि गोऱ्या पालकांनी आपापली मुलं काढून घेतल्यामुळे ती पूर्ण वर्षभर वर्गात एकटी होती. तिला शिकवायला बोस्टनहून आलेल्या बार्बरा हेन्री या एकच बाई तयार झाल्या. हक्काची किंमत घरातल्या सगळ्यांनी मोजली, हे सात वर्षांच्या मुलीला समजतं.

चौथी गोष्ट सगळ्यात अवघड आहे. त्या शाळेबाहेर रोज जमून ओरडणाऱ्यांत बायका पुष्कळ होत्या. घरदार सांभाळणाऱ्या, मुलाबाळांच्या आया. एकीनं तर रूबीला विष घालण्याची धमकी दिली, म्हणून मार्शलांनी तिला घरून आणलेल्या डब्याखेरीज काही खाऊ दिलं नाही. मुलं पुस्तक वाचताना स्वतःला रूबीच्या जागी ठेवतात, ते साहजिक आहे. पण एकदा तरी विचारा, ‘या बायकांना असं करावंसं का वाटलं असेल? त्यांच्या घरी, रात्री जेवताना, काय बोलणं होत असेल?’ मुलीला काय उत्तर येईल ते येऊ द्या, तुम्ही दुरुस्त करू नका.

आता मुलाचा कंटाळा. त्याची तक्रार मला रास्त वाटते. शाळांतून रोझा पार्क्सची गोष्ट अशी सांगितली जाते की एक दमलेली शिवणकाम करणारी बाई होती, एके दिवशी ती बसमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी जागेवरून उठली नाही आणि देश बदलला. अकरा वर्षांच्या मुलाला त्यात काहीतरी पोकळ आहे हे जाणवतं. खरी गोष्ट कितीतरी रंगतदार आहे. पार्क्स तेव्हा ४२ वर्षांच्या होत्या, वर्षानुवर्षं अलाबामातल्या मॉन्टगोमेरी शहरात नागरी हक्कांच्या संघटनेच्या चिटणीस होत्या, आणि त्याच उन्हाळ्यात चळवळीचं प्रशिक्षण घेऊन आल्या होत्या. १ डिसेंबर १९५५ ला त्यांना अटक झाली. त्या रात्री जो अ‍ॅन रॉबिन्सन या कॉलेजातल्या प्राध्यापिका दोन विद्यार्थ्यांना घेऊन सायक्लोस्टाइल यंत्रावर हजारो पत्रकं काढत बसल्या होत्या. बसवर बहिष्कार घाला, असं पत्रक. मग माणसं ३८१ दिवस पायी चालली, एकमेकांना गाडीतून सोडत राहिली. आणि पार्क्स यांच्या नऊ महिने आधी, २ मार्चला, क्लॉडेट कॉल्विन नावाची पंधरा वर्षांची मुलगी तशीच जागेवरून उठली नव्हती. तिलाही अटक झाली. तिचं नाव मागे पडलं, पण बसमधला भेदभाव ज्या खटल्यानं संपला त्यातल्या चार वादींपैकी ती एक. फिलिप हूज यांनी तिच्याशी बोलून लिहिलेलं पुस्तक मुलाला वर्षभरानं द्या.

आत्ता द्यायचं ते ‘मार्च’. नागरी हक्क चळवळीतले नेते आणि पुढे काँग्रेसमन झालेले जॉन लुइस यांच्या आयुष्यावरची तीन भागांची चित्रकथा, अँड्र्यू आयडिन यांच्यासोबत लिहिलेली, चित्रं नेट पॉवेल यांची. तिसऱ्या भागाला २०१६ मध्ये नॅशनल बुक अवॉर्ड मिळालं. लहानपणी लुइस कोंबड्यांना प्रवचन द्यायचे, हे पहिल्या भागात आहे. कंटाळलेला मुलगा तिथे नक्की थांबेल. पुढे मारहाण आहे, वंशावरून दिलेल्या शिव्या जशाच्या तशा आहेत. म्हणून आधी तुम्ही वाचा, मग दोघं मिळून वाचा, आणि ते शब्द आपण का उच्चारायचे नाहीत हे स्पष्ट सांगा. या पुस्तकाची मूळ प्रेरणाही मुलाला आवडेल. १९५७ मध्ये मॉन्टगोमेरीच्या बहिष्कारावर दहा सेंटचं एक कॉमिक निघालं होतं. ते तरुण लुइसनी वाचलं होतं, आणि त्यात गांधीजींच्या सत्याग्रहाची हकीकतही होती. कॉमिक वाचून माणसं चळवळीत उतरली, हे त्याच्या वयाला फार भावेल.

मुलीसाठी पुढच्या वर्षी ‘द यंगेस्ट मार्चर’ घ्या. नऊ वर्षांची ऑड्री फे हेंड्रिक्स १९६३ च्या मे महिन्यात बर्मिंगहॅमच्या मुलांच्या मोर्चात गेली आणि आठवडाभर तुरुंगात राहिली, तिची खरी गोष्ट. डंकन टोनाटिउ यांचं सिल्व्हिया मेंडेझवरचं पुस्तकही आणा. कॅलिफोर्नियात मेक्सिकन मुलांना वेगळ्या शाळेत बसवायचे, त्याविरुद्ध तिच्या वडिलांनी लढा दिला आणि १९४७ मध्ये तो तडीस गेला. ‘गोरे आणि काळे’ एवढ्या दोन खणांत तुमच्या मुलांना स्वतःची जागा सापडत नाही. सिल्व्हियाच्या गोष्टीत ती सापडेल.

पुस्तकांबाबत एक कळकळीची विनंती आहे. घरात कृष्णवर्णीय मुलं दिसणारी सगळी पुस्तकं अपमानाची, जमावाची आणि तुरुंगाची नसावीत. ती तशी असली तर मुलीच्या मनात तिच्या वर्गातली ब्लॅक मैत्रीण म्हणजे कीव करायचं माणूस होऊन बसेल. १९६५ मध्ये नॅन्सी लॅरिक यांनी तीन वर्षांत निघालेली मुलांची ५,२०६ पुस्तकं तपासली. कृष्णवर्णीय पात्र फक्त ६.७ टक्के पुस्तकांत होतं, तेही कुठेतरी एखादं. त्या काळात एझ्रा जॅक कीट्स यांचं ‘द स्नोई डे’ आलं, १९६२ मध्ये. लाल कोट घातलेला पीटर बर्फात खेळतो, काठीनं झाड हलवतो, बर्फाचा गोळा खिशात ठेवतो. बस्स. न्यू जर्सीत वाढणाऱ्या मुलीला ते अगदी आपलं वाटेल. समतेच्या पुस्तकांत मी त्याला वरची जागा देते.

आता कप.

तुमच्या मुलीनं नळाचा फोटो आणि मावशींची कपबशी एकत्र जोडली. कुठल्याही पुस्तकानं तिला ते सांगितलं नव्हतं. इतकं स्वच्छ वाचन मोठ्यांकडूनही क्वचित होतं. आता ‘ते वेगळं, हे वेगळं’ म्हणून ही जोडणी तोडली, तर पुढची सगळी पुस्तकं फुकट गेली. अन्याय म्हणजे दुसऱ्या देशातली, जुन्या काळातली गोष्ट, एवढंच ती शिकेल.

अमेरिकेतला वर्णभेद आणि आपली जातव्यवस्था ही एकच गोष्ट नाही, हे मला ठाऊक आहे. इतिहास वेगळा, तऱ्हा वेगळ्या. पण नातं मी ओढूनताणून लावत नाही. जोतिरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केलं ते अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डु बॉइस यांना पत्र लिहून दोन समाजांच्या स्थितीतलं साम्य नोंदवलं. आणि बाबासाहेबांची स्वतःची शाळेतली आठवण तर पाण्याचीच आहे. बसायला घरून गोणपाट न्यायचं आणि परत आणायचं. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही, शिपायानं नळ सोडला तरच पाणी, शिपाई नसला तर पाणी नाही. हे साताऱ्यात घडलं, आपल्याच मातीत. ‘भीमायन’ या २०११ च्या चित्रपुस्तकात दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांनी परधान गोंड शैलीत ते रंगवलं आहे; पहिलाच भाग पाण्याचा. मुलाला आत्ता द्या, मुलीला त्यातली चित्रं दाखवून तुमच्या शब्दांत सांगा. मुक्ता साळवे या फुल्यांच्या शाळेतल्या मुलीचा ‘ज्ञानोदय’मध्ये १८५५ साली छापलेला निबंधही मिळवून दोघांना मोठ्यानं वाचून दाखवा. भाषा जुनी आहे, तरी थांबत थांबत वाचलात की कळतो. मांग-महारांचं दुःख ती शाळकरी मुलगी स्वतः मांडते आणि आमचा धर्म कोणता ते तरी सांगा, असं विचारते. रूबीच्या शंभरहून अधिक वर्षं आधीची ही मराठी मुलगी तुमच्या मुलांना माहीत असायला हवी.

मुलीला कपाबद्दल सरळ सांगा. ‘हो, तू बरोबर ओळखलंस. मावशींचा कप वेगळा ठेवणं चूक आहे. आजीला लहानपणापासून तसंच शिकवलं गेलं. मी आणि बाबा आजवर बोललो नाही, आता बोलणार आहोत.’ यापेक्षा लांब बोलू नका. आजी दुष्ट आहे असं मुलीला वाटता कामा नये, आणि आजी बरोबर आहे असंही वाटता कामा नये. सात वर्षांच्या मुलांना या दोन्ही गोष्टी एकत्र पेलतात, आपणच उगाच घाबरतो.

सासूबाईंशी मात्र तुम्ही बोलू नका. ते काम त्यांच्या मुलाचं आहे. तो गप्प बसला, हे तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. माझं लक्ष तिथेच अडकलं. सुनेनं हा विषय काढला की तो सासू-सुनेचा वाद होतो आणि कप बाजूला राहतो. मुलानं, नात समोर नसताना, शांतपणे म्हणावं, ‘आई, मला लाज वाटते, आपण ते बंद करू या.’ त्या म्हणतील, मावशींनाच तसं बरं वाटतं. म्हणतील, स्वच्छतेसाठी आहे. त्यावर एवढंच विचारावं, की मग त्याच मावशींनी घासलेल्या ताटात आपण जेवतो ते कसं? आणि ‘आता तसलं काही राहिलेलं नाही’ म्हणाल्या तर सांगावं की २०२३ च्या फेब्रुवारीत सिएटल शहरानं जातीवरून भेदभाव करायला कायद्यानं बंदी घातली. अमेरिकेतल्या शहराला असा कायदा करावा लागतो, कारण जात आपण सोबत घेऊन विमानात बसतो.

पुढच्या सुट्टीत गावी गेल्यावर मावशींना मुलांसाठी धडा बनवू नका. सगळ्यांसमोर ‘या मावशी, आमच्या कपात चहा घ्या’ असा सोहळा केलात तर अवघडतील त्याच, आणि तुम्ही परत आल्यावर त्या घरात काम त्यांनाच करायचं आहे. कोनाड्यातली कपबशी काढून टाकायची, सगळ्यांचा चहा एकसारख्या कपांत ओतायचा, त्यांचा त्यांच्या हातात द्यायचा, आणि नेहमीसारखं बोलत राहायचं. त्या नको म्हणाल्या तर आग्रह करायचा नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच कप द्यायचा. मुलगी बघत असेलच.

तुमच्या पत्रात नाही, तरी एक विचारते, कारण हे बऱ्याच मराठी घरांत ऐकू येतं. घर बघताना ‘तो ब्लॅक लोकांचा एरिया आहे, तिकडे नको’ असं बोलणं मुलांसमोर झालं आहे का? लग्नाच्या गप्पांत ‘मुलगी गोरी आहे’ हे कौतुकानं म्हटलं जातं का? असेल तर तिथेच, त्याच वेळी, थांबवायला शिका, पाहुण्यांसमोरसुद्धा. फेब्रुवारीत आणलेलं पुस्तक मार्चमधल्या जेवणाच्या टेबलावर खोटं पडू नये.

या आठवड्यात ‘द स्नोई डे’ आणि ‘मार्च’चा पहिला भाग लायब्ररीत राखून ठेवायला सांगा. रूबीचं पुस्तक परत करण्याआधी एकदा नवऱ्याला वाचायला द्या, मुलीसोबत, रात्री. आणि सासूबाई अजून तिथेच आहेत तर त्याचं त्यांच्याशी बोलणं त्या परत जाण्यापूर्वी होऊ द्या. फोनवर या गोष्टी नीट होत नाहीत. काय झालं ते मला लिहा.